बॅच क्लिअर दिसतेय, पण रिपोर्ट आला का?

धाटाव एमआयडीसीतल्या कुठल्याही केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात बसवली जाते. रिअॅक्टरमधून निघालेला माल पाण्यासारखा स्वच्छ दिसत असला, तरी सॅम्पल तपासून रिपोर्टवर सही झाल्याशिवाय ड्रम गेटबाहेर जात नाही. रोह्यात बीएस्सी करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वर्गातल्या कित्येकांचा डोळा याच नोकरीवर असतो. प्रॉडक्शनवाला ओरडत असतो, ‘अरे दिसतंय की क्लिअर, सोड ना!’ क्यूसीवाला ढिम्म. तो आपला ब्युरेट भरत बसतो.

आता समजा, याच क्यूसीवाल्याला एक दिवस लघवीला जळजळ व्हायला लागली. तो काय करेल? मेडिकलवर जाईल. दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत मोबाइल बघत बाहेर उभा राहील, मग काउंटरवर वाकून काहीतरी पुटपुटेल. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या मिळतील, जळजळ थांबेल. झालं, बॅच पास! सॅम्पल नाही, टेस्ट नाही, रिपोर्टचा तर प्रश्नच नाही.

हा लेख त्या न काढलेल्या रिपोर्टबद्दल आहे. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गांना डॉक्टर एसटीआय म्हणतात. आजोबांच्या पिढीत गरमी आणि परमा म्हणायचे, म्हणजे सिफिलिस आणि गनोरिया. आणि दिवा-रोहा गाडीच्या खिडकीतून बाहेर बघितलं, की भिंतींवर दिसतो तो शब्द म्हणजे ‘गुप्तरोग’. ज्या आजाराच्या नावातच ‘गुप्त’ आहे, त्याची जाहिरात अख्ख्या भिंतीएवढ्या अक्षरात असते, हे आपल्याकडेच होऊ शकतं.

फोड गेला, आजार राहिला

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात बऱ्या होऊ शकणाऱ्या चार एसटीआयचे, म्हणजे क्लॅमिडिया, गनोरिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनासचे, मिळून सुमारे ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग झाले. दिवसाला दहा लाखांच्या वर. ‘बऱ्या होऊ शकणाऱ्या’ हे शब्द परत वाचा. यातले बहुतेक साध्या, स्वस्त औषधांनी जातात. मग एवढे पसरतात कसे?

कारण यातले बरेचसे बोलतच नाहीत. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य मुलींना काहीही जाणवत नाही, मुलांमध्येही अनेकांना नाही. जंतू मात्र आत काम करत असतो. गर्भनलिकांना सूज येते, व्रण राहतात, आणि काही वर्षांनी ‘मूल का होत नाही’ म्हणून डॉक्टरांच्या चकरा सुरू होतात, तेव्हा कुठे मागचं उलगडतं, तेही उलगडलं तर.

सिफिलिस तर अट्टल नाटकी. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक फोड येतो, तो दुखत नाही. तीन ते सहा आठवड्यांत काही न करता आपोआप भरून येतो. माणूस म्हणतो, सुटलो. मग काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर पुरळ उठतं, तेही जातं. त्यानंतर आजार कित्येक वर्षं गप्प बसतो आणि काहींच्या बाबतीत थेट हृदयावर नाहीतर मेंदूवर उगवतो. गरोदर बाईला असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं. म्हणून प्रत्येक गरोदर बाईची व्हीडीआरएल नावाची तपासणी करायची असते. आईची जुनी फाइल घरात असेल तर उघडून बघा, तुमच्या जन्माआधीच्या कागदांत ‘व्हीडीआरएल : नॉन-रिअॅक्टिव्ह’ अशी एक ओळ बहुतेक सापडेल. म्हणजे ज्या टेस्टचं नाव काढायला आपण लाजतो, ती आपल्या आईने आपल्यासाठी केव्हाच दिलेली असते.

एका विद्यार्थिनीचा प्रबंध

लक्षण दिसत नाही तिथे मुद्दाम शोधावं लागतं. आणि शोधायला निघालेल्या माणसाला बाकीचे हमखास सांगतात, ‘इथे काही सापडणार नाही.’ भारतात एचआयव्हीचा शोध लागला तो असाच, आणि लावला तो एका पोस्ट ग्रॅज्युएट विद्यार्थिनीने.

साल १९८५. मद्रास मेडिकल कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला प्रबंधासाठी विषय शोधत होत्या. त्यांच्या प्राध्यापक डॉ. सुनीती सॉलोमन यांनी एड्सची तपासणी करून बघ, असं सुचवलं. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी कुटुंबातल्या. तेव्हा देशात सगळ्यांचं एकमत होतं की एड्स हा ‘तिकडचा’ आजार, आपली संस्कृती वेगळी. मुंबईत आधी झालेल्या तपासण्यांतही काही हाती लागलं नव्हतं. मुंबईत नाही तर मद्रासमध्ये कुठून असणार?

निर्मलांनी तरी सुरुवात केली. नवरा स्कूटरवरून सोडायचा, त्या वेश्याव्यवसायातल्या बायकांना भेटायच्या, बोलायच्या, रक्ताचे नमुने घ्यायच्या. ठेवायला नीट सोय नव्हती, म्हणून नमुने घरच्या फ्रिजमध्ये! आज कुठल्याही गाइडला हे सांगितलं तर चक्कर येईल. दोनशे नमुने जमले. फेब्रुवारी १९८६ मध्ये ते रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले, कारण एलायझा टेस्टची सोय तिथे होती. एलायझामध्ये नमुन्यात अँटिबॉडी असली की रंग बदलतो. प्लेटमधले सहा खड्डे पिवळे झाले.

पुन्हा नमुने घेतले, पुन्हा तपासले, अमेरिकेतून खात्री करून घेतली. मे १९८६ मध्ये तामिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत बातमी सांगितली. पुढच्या वर्षी निर्मलांनी आपला प्रबंध सादर केला. सुनीती सॉलोमन यांनी १९९३ मध्ये वडिलांच्या नावाने, वाय. आर. गायतोंडे यांच्या नावाने, एड्ससाठी केंद्र काढलं आणि २०१५ मध्ये जाईपर्यंत त्याच कामात राहिल्या. नंतर त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. प्रोजेक्टचा विषय शोधताना ‘सोपा द्या ना सर’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून थोडं गप्प बसायला हरकत नाही.

वसा आणि अमिर्झा

निर्मला शहरात शोधत होत्या आणि समोर वेश्याव्यवसायातल्या बायका होत्या. पण साध्या खेड्यात, घरसंसार करणाऱ्या बायकांचं काय? हे कोणी विचारलंच नव्हतं. गावातल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, सरकारी कागदांवर एवढंच असायचं.

१९८६ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग गडचिरोलीत कामाला गेले. त्यांनी वसा आणि अमिर्झा ही दोन गावं निवडली आणि दवाखान्यात येणाऱ्या नव्हे, तर गावातल्याच बायका तपासल्या, तक्रार असो वा नसो. हा फरक महत्त्वाचा आहे. दवाखान्यात येणारी बाई आजारीच असते, तिच्यावरून गावाचा अंदाज येत नाही. क्यूसीच्या भाषेत, नुसत्या गळक्या ड्रममधून सॅम्पल काढून अख्ख्या लॉटबद्दल बोलता येत नाही.

एकूण ६५० बायकांची तपासणी आणि लॅब टेस्ट झाल्या. निकाल १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक संसर्गाचा किमान एक आजार होता. दर बाईमागे सरासरी ३.६ आजार. यातले सगळे काही लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, पण निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी किंवा उपचार मिळालेल्या बायका किती? फक्त ८ टक्के.

मला यातला सगळ्यात बोलका आकडा वेगळा वाटतो. ६५० पैकी ४५ टक्के बायकांना कसलीही तक्रार नव्हती. तक्रार नसणाऱ्या एवढ्या, आणि आजार नसणाऱ्या शंभरात आठ. मधल्या सगळ्या ‘मला काही नाही’ म्हणत शेतात, चुलीपुढे कामं करत होत्या. ‘अंगावरून जातंय’ हे तर बाईच्या जातीला असतंच, असं धरून चालणाऱ्या आपल्या घरांतही हे चित्र फार वेगळं असेल असं मानायला कारण नाही. आई, मावशी, काकू यांच्यापैकी कोणी पांढरं जातंय म्हणून डॉक्टरकडे गेल्याचं ऐकलंय? की ‘उष्णता झालीय’ म्हणून धने-जिऱ्याचं पाणी?

नवरा हीच जोखीम

गडचिरोलीनंतर चार वर्षांनी पुण्यात दुसरं काम सुरू झालं. भोसरीत १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन झाली होती. आता तिचं नाव बदललंय, पण जुने पुणेकर नारीच म्हणतात. १९९३ पासून या संस्थेने अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांची पद्धतशीर नोंद ठेवायला घेतली. तपासणी, समुपदेशन आणि परत परत भेट. एकदाच फोटो काढण्याऐवजी व्हिडिओ काढल्यासारखं.

डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी यातल्या बायकांची माहिती १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये मांडली. हे तेच गंगाखेडकर, कोविडच्या पहिल्या महिन्यांत आयसीएमआरच्या पत्रकार परिषदेत रोज दिसायचे. एकूण ९१६ बायका. त्यातल्या ५२५ वेश्याव्यवसायात होत्या, त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण जवळपास ५० टक्के निघालं. हे भयंकर होतं, पण अनपेक्षित नव्हतं. उरलेल्या ३९१ बायका या व्यवसायात नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, आयुष्यात एकाच पुरुषाशी, म्हणजे नवऱ्याशीच, संबंध आलेल्या. त्यांच्यात १३.६ टक्के.

या बायकांनी ‘काही केलेलं’ नव्हतं. लग्न केलं होतं, बस. जोडीदाराला गुप्तरोग असणं हाच त्यांच्यासाठी मोठा धोका ठरला. जननेंद्रियावर जखम असली की एचआयव्हीला आत शिरायला दार मिळतं, त्यामुळे नवऱ्याचा उपचार न केलेला फोड बायकोच्या आयुष्यावर येत होता. तोपर्यंतच्या मोहिमा ट्रक ड्रायव्हर, वेश्यावस्ती, ‘जोखमीचे गट’ यांच्याभोवती फिरत होत्या. पुण्याच्या आकड्यांनी विचारलं, घराच्या आतल्या बाईचं काय?

धाटावच्या संदर्भात हे नीट लक्षात घ्यायला हवं. इथे शिफ्टमध्ये काम करणारे परप्रांतीय कामगार आहेत, टँकर घेऊन मुंबई-गोवा हायवेवरून येणारे-जाणारे ड्रायव्हर आहेत. आणि नाक्यावरच्या गप्पांत ‘हे आजार बाहेरचे लोक आणतात’ हे वाक्य ठरलेलं. मद्रासलाही हेच म्हणत होते, फक्त तिथे ‘बाहेरचे’ म्हणजे अमेरिकन होते. जंतूला आधार कार्ड लागत नाही. बोट दुसऱ्याकडे दाखवायची सोय झाली, की माणूस स्वतःची टेस्ट टाळतो, एवढाच त्या वाक्याचा उपयोग.

बार्शीच्या लॅबमध्ये

अजून एक संशोधन सांगायला हवं, कारण त्याने जगभरातली पद्धत बदलायला मदत केली आणि ते आपल्या मराठवाड्यात झालं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि एचपीव्ही पसरतो लैंगिक संबंधातून. बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो. काही जणींमध्ये राहतो आणि वर्षानुवर्षं मुकाट काम करतो.

१९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त निरोगी बायकांचे चार गट केले गेले. एका गटाची एचपीव्ही टेस्ट, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. हो, तेच ॲसिटिक ॲसिड, ते लावलं की बिघडलेला भाग पांढरा दिसतो. चौथ्या गटात नेहमीची व्यवस्था. टाटा मेमोरिअलशी जोडलेलं बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल या कामाचं केंद्र होतं. आठ वर्षं पाठपुरावा झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. चौथ्या गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. डोळ्यांनी बघण्यापेक्षा विषाणू थेट शोधणं जास्त कामाला आलं. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी केली नाही, हे बरोबर होतं का, यावरून पुढे बराच वाद झाला, आणि तो वाद व्हायलाच हवा होता. ६४ हा आकडा म्हणजे घरं आहेत.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची एचपीव्हीची लस २०२३ मध्ये बाजारात आली. लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतली तर तिचा फायदा सर्वांत जास्त.

सात रंगांची पाकिटं

एवढं सगळं संशोधन झालं, मग सरकारी दवाखान्यात गेल्यावर काय होतं? बऱ्याचदा टेस्ट होतच नाही. पाकीट मिळतं.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे नॅकोच्या, एसटीआय दवाखान्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ असं नाव आहे. तिथे वर्षानुवर्षं सात रंगांची औषधांची पाकिटं वापरली गेली आहेत. लघवीच्या मार्गातून स्राव होतोय, करडं पाकीट. योनीस्राव, हिरवं. जखम असेल तर पांढरं, पेनिसिलिन चालत नसेल तर निळं. नागीणसारखे बारीक फोड, लाल. ओटीपोटात दुखतंय, पिवळं. जांघेत गाठ, काळं. लक्षण बघायचं, त्या लक्षणामागे जे जंतू असू शकतात त्या सगळ्यांचं औषध एकदम द्यायचं.

हे वाचून क्यूसीवाल्याच्या कपाळावर आठ्या पडतील. पण यामागे विचार आहे. खेड्यात लॅब नाही, रिपोर्टला चार दिवस लागणार, आणि एकदा आलेला माणूस परत येईलच याची खात्री नाही. मिळालाय तर आत्ताच बरा करून पाठवा. शिवाय पाकीट एकाला देऊन भागत नाही, जोडीदारालाही औषध द्यायचं असतं. नाहीतर याने बरं व्हायचं, तिच्याकडून परत घ्यायचं, असं टेबल टेनिस चालू राहतं.

अडचण दोन ठिकाणी येते. जिला लक्षणच नाही, तिला कुठल्याच रंगाचं पाकीट मिळत नाही. आणि नोंदवहीत लक्षण जातं, जंतूचं नाव जात नाही. मग कुठला जंतू किती पसरलाय, कुठल्या औषधाला दाद देईनासा झालाय, हे कळणार कसं? गनोरियाने तर एकेक औषध पचवत आणलंय. आधी पेनिसिलिन, मग टेट्रासायक्लिन, मग सिप्रोफ्लॉक्सासिन. आता मोजकी इंजेक्शनं आणि गोळ्या उरल्यात. दिल्लीच्या सफदरजंग हॉस्पिटलची लॅब या जंतूवर लक्ष ठेवून असते, पण त्यासाठी जंतू वाढवून बघावा लागतो, आणि तो भलता नाजूक. मेडिकलवरून घेतलेल्या अर्धवट गोळ्यांनी मात्र त्याला तालीम मस्त मिळते.

यावरचा उपाय तंत्रज्ञानाच्या बाजूने तयार आहे. कोविडमुळे पीसीआर हा शब्द घराघरात पोचला. क्लॅमिडिया आणि गनोरियाचे जनुकीय तुकडे त्याच तत्त्वाने नुसत्या लघवीच्या नमुन्यातून शोधता येतात, स्वॅबचीही गरज नाही. टीबीसाठी सरकारी दवाखान्यांत बसवलेल्या सीबीनॅट मशीनवर या दोन जंतूंची कार्ट्रिजही चालते. प्रश्न कार्ट्रिजच्या किमतीचा आणि प्राधान्याचा आहे. मशीन आहे, केमिस्ट्री आहे, मागणी नाही. कारण मागणी करायची तर मोठ्याने बोलावं लागतं.

पहिली टेस्ट आणि दुसरी टेस्ट

सिफिलिसच्या रिपोर्टबद्दल थोडं, कारण यावरून लोक उगाच खचतात. व्हीडीआरएल ही टेस्ट जंतूला पकडत नाही. शरीरातल्या पेशींची नासधूस झाली की कार्डिओलिपिन नावाच्या पदार्थाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, त्या पकडते. त्यामुळे गरोदरपणात, मलेरियात, काही इतर आजारांतही ती कधीकधी ‘रिअॅक्टिव्ह’ येते. म्हणून खात्रीसाठी टीपीएचएसारखी दुसरी टेस्ट. पीएच पेपरने अंदाज घ्यायचा आणि मग टायट्रेशन करायचं, तसंच. गंमत म्हणजे ही दुसरी टेस्ट एकदा पॉझिटिव्ह आली की उपचारानंतरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. उपचार लागू पडले की नाही हे पहिल्या, ‘कच्च्या’ टेस्टचा आकडा उतरतोय का यावरून कळतं. एकास बत्तीसवरून एकास आठवर आला, तर औषधाने काम केलं.

एचआयव्हीचंही तसंच. पॉझिटिव्ह असं लिहून देण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर तपासलं जातं. आणि संसर्गानंतर लगेच केलेली टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, कारण अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो. तो विंडो पिरियड. बऱ्याच जणांत काही आठवड्यांत कळतं, तरी तीन महिने धरून चालतात.

देशाचा आकडा कसा निघतो? प्रत्येकाला तपासून नाही. नॅकोची सेंटिनल सर्व्हे नावाची पद्धत आहे, १९९८ पासून ती देशभर नियमित चालते. ठरावीक दवाखाने, ठरावीक काळ, ओळीने येणाऱ्या ४०० गरोदर बायका. बराच काळ यासाठी व्हीडीआरएलकरता घेतलेल्या रक्तातलाच उरलेला भाग, नाव-गाव काढून टाकून, वापरला जायचा. कोणाचं रक्त कोणालाच कळत नाही, पण जिल्ह्याचा कल कळतो. अख्खा टँकर न ओतता टँकरबद्दल सांगायची ही रीत.

कंपनीचं मेडिकल

नाव काढून टाकण्याला एवढं महत्त्व का? ब्रिटिशांनी १८६८ मध्ये भारतात संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला. सैनिकांना गरमी-परमा होऊ नये म्हणून वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी, नाही आली तर शिक्षा. सैनिकांची नाही, बायकांची. परिणाम असा की बायका तपासणीला चुकवून पळायला लागल्या. विरोध होऊन १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. पुढे मुंबईत र. धों. कर्व्यांनी गुप्तरोगांवर मराठीत पुस्तक लिहिलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, कोर्टात खेचले गेले, पण माणसं धाकाने नव्हे तर माहितीने शहाणी होतात यावर ते अडून राहिले.

आजचा कायदा त्यांच्या बाजूचा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो. धाटावला इंटरव्ह्यू देणाऱ्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे, नोकरी देण्याची अट म्हणून एचआयव्ही टेस्ट मागता येत नाही. कॉलेजात प्रवेशासाठीही नाही. जॉइनिंगच्या मेडिकलमध्ये कागद पुढे केला, तर सही करण्याआधी वाचा. हा कायदा एचआयव्हीपुरता आहे, बाकीच्या एसटीआयना तो लागू नाही, ही त्याची मर्यादा.

कायदा पेपरवर आणि रोहा रोह्यात. सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या रांगेत शेजारच्या काकू भेटणारच, ही खरी भीती. त्यावर साधा तोडगा असा की तपासणी आपल्याच तालुक्यात करायचं बंधन नाही. एचआयव्हीची मोफत तपासणी करणाऱ्या केंद्राला आयसीटीसी म्हणतात. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा, नाहीतर गाडीत बसून पनवेल गाठा, तिथे तुम्हाला कोण ओळखतंय? जायचं कुठे हे कळत नसेल तर १०९७ हा नॅकोचा टोल-फ्री नंबर आहे.

केंद्रात आधी समुपदेशक एकट्याशी बोलतात. प्रश्न थेट असतात, कधी, कोणासोबत, कंडोम होता का. उत्तरं खरी द्या, कारण कुठली टेस्ट करायची आणि कधी, हे त्यावर ठरतं. एसटीआयची शंका असेल तर तेच सुरक्षा क्लिनिकला पाठवतात. मग बोटाला टोचून किंवा शिरेतून थोडं रक्त, आणि बाहेर बाकड्यावर वाट बघणं. पॉझिटिव्ह निघालं तर एआरटीची औषधं मोफत सुरू होतात, ती रोज नीट घेतली तर विषाणू एवढा कमी होतो की जोडीदाराला तो लैंगिक संबंधातून जात नाही. निगेटिव्ह निघालं आणि विंडो पिरियडमध्ये असाल, तर पुन्हा यायची तारीख सांगतात. ती मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, नाव काहीही द्या, ‘क्यूसी’ दिलंत तरी चालेल.